लँकेस्टरमधली दुमडती खुर्ची आणि तिच्यावर बसणारा कॅनेडियन पोरगा

तेराचा पाना

भारतातून पाहुणे आले की आमचा मार्ग ठरलेला असतो. नायगारा, सीएन टॉवर, मंदिर, मॉल. या खेपेला मेव्हणा आला आणि त्याचं हे सगळं मागच्या फेरीत उरकलेलं, म्हणून त्याला हॅमिल्टनच्या विमानतळावर वॉरप्लेन हेरिटेज म्युझियममध्ये नेलं. त्याने एक चक्कर मारली, फोटो काढले आणि कॉफी घेऊन बसला. मी लँकेस्टरच्या पोटात शिरलो तो बराच वेळ बाहेर आलो नाही.

लँकेस्टर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर. सात हजारांवर बांधली गेली, आज उडू शकणारी दोनच उरलीत. एक इंग्लंडात, एक हॅमिल्टनला. हॅमिल्टनचं विमान १९४५ साली माल्टनला बांधलेलं. माल्टन म्हणजे आपण सगळे दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी घेऊन जिथे उतरलो तोच टोरांटोचा पिअर्सन विमानतळ. तिथल्या व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या कारखान्यात ४३० लँकेस्टर तयार झाली. इतकी वर्षं त्या विमानतळावर जातोय, हे माहीत नव्हतं.

आत पाठ वाकवूनच चालावं लागतं. मध्येच पंखांची आडवी तुळई वाटेत येते, ती घोड्यावर टांग टाकल्यासारखी ओलांडायची. पुढे डावीकडे पायलटची खुर्ची, चांगली उंचावर, मागे चिलखती पत्रा. आणि तिच्या उजवीकडे खुर्ची नाहीच! भिंतीला दुमडून ठेवलेली फळीवजा बैठक, पाठ टेकायला एक पट्टा, पाय ठेवायला एक नळी. बॉम्ब टाकणाऱ्याला नाकात जायचं असलं की फळी दुमडायची, तो गेला की परत उघडायची. ही फ्लाइट इंजिनिअरची जागा. एसटीतल्या कंडक्टरची सीट हिच्यापुढे ऐसपैस.

मी धंद्याने मेकॅनिकल, त्यामुळे माझी नजर लगेच त्याच्या पॅनेलवर गेली. चार इंजिनांच्या तेलाचा दाब, तेलाचं तापमान, कूलंटचं तापमान, टाक्यांचे काटे. दोन्ही पंखांत मिळून सहा टाक्या, २,१५४ गॅलन, म्हणजे आपले पावणेदहा हजार लिटर. विमान खाणार मैलाला साधारण एक गॅलन. काट्यांवर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, म्हणून किती रेव्ह्जला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), किती बूस्टला (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब), किती मिनिटं चाललो याचा हिशेब कागदावर मांडायचा. दर वीस मिनिटांनी नोंद. बाहेर विमानविरोधी तोफा चालू आहेत, वीस हजार फुटांवर बाहेरची हवा शून्याखाली कुठल्या कुठे गेलीये, आणि हा गडी पेन्सिलीने वजाबाकी करतोय. टाकीला भोक पडलं तर ती रिकामी व्हायच्या आत चारही इंजिनं तिच्यावर लावायची, मग कॉक फिरवून चांगल्या टाकीवर यायचं. इंजिन पेटलं तर इंधन बंद, पंख्याची पाती वाऱ्याला कडेने धरायची, आग विझवायचं बटण दाबायचं. हे सगळं अंधारात, हातमोजे घालून.

आता कॅनडाचा भाग. युद्धकाळात कॉमनवेल्थच्या हवाई प्रशिक्षण योजनेखाली कॅनडात १,३१,५५३ हवाई कर्मचारी तयार झाले. त्यांत पायलट ४९,८०८. फ्लाइट इंजिनिअर किती असतील? १,९१३. आकडा वाचून मला वाटलं छपाईत एक अंक पडला. पण नाही. कॅनडाने फ्लाइट इंजिनिअरची शाळाच उशिरा काढली, जुलै १९४४ मध्ये, ओंटारियोतल्या एलमरला. तोवर कॅनडाच्या बॉम्बर तुकड्यांत, म्हणजे यॉर्कशरमधल्या ६ ग्रुपमध्ये, सहा कॅनेडियन आणि सातवा इंजिनिअर इंग्रज असा मामला सर्रास होता. हॅमिल्टनचं विमान ज्यांच्या स्मरणार्थ रंगवलंय त्या अँड्र्यू मायनार्स्की यांच्या विमानातही इंजिनिअर इंग्रजच होता.

एलमरच्या आधी जे थोडे कॅनेडियन इंजिनिअर झाले ते बहुतेक जमिनीवरचे मेकॅनिक. एलमरजवळच सेंट टॉमसला तंत्रशाळा होती, मनोरुग्णालयासाठी बांधलेल्या इमारतीत. तिथे इंजिन शिकायचं, बोटीने इंग्लंडला जायचं, हँगरमध्ये काम करायचं. मग त्यांतले काहीजण स्वतः अर्ज करून वेल्समधल्या सेंट अ‍ॅथनला जायचे, छातीवर एका पंखाचा 'ई' बिल्ला लावून बाहेर पडायचे. वय एकोणीस, वीस, एकवीस.

मला पडलेला प्रश्न असा. रात्री आपल्या खाटेवर झोपता येतंय, पानं-पकडी हातात आहेत, युद्धात कामही होतंय. असा पोरगा आपणहून हात वर करून त्या फळीवर का जाऊन बसतो?

मनीमाऊ

कंडक्टरची सीट 😂 मस्त लिहिलंय. म्हणजे हा को-पायलट का? आणि मायनार्स्कींचं काय झालं ते अर्धवट सोडलंत.

तेराचा पाना

@मनीमाऊ, को-पायलट नव्हताच. आधी दोन पायलट असायचे. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी दुसरा पायलट काढून टाकला, कारण एक विमान पडलं की दोन पायलट जायचे. त्याच्या जागी इंजिनिअर आला. टेकऑफला पायलट थ्रॉटल पुढे ढकलायचा, त्याच्या हातामागे इंजिनिअरचा हात. शेपूट उचललं की पायलटला दोन्ही हात चाकावर हवेत, मग थ्रॉटल शेवटपर्यंत नेऊन घट्ट करायचं काम याचं.

मायनार्स्की वरच्या बुरुजातले गनर, विनिपेगचे. १२-१३ जून १९४४ ची रात्र, फ्रान्समधलं कांब्रे. विमान पेटलं, उडी मारायचा हुकूम झाला. हे दाराशी पोचले तर मागचा गनर ब्रॉफी बुरुजात अडकलेला. ते आगीतून रांगत मागे गेले, कुऱ्हाडीने आणि हातांनी खटपट केली, काही होईना. ब्रॉफीने जा म्हणून खुणावलं. दाराशी येऊन यांनी सलाम केला आणि पेटत्या कपड्यांनिशी उडी मारली. ते गेले. ब्रॉफी विमान जमिनीवर आदळूनही वाचला, म्हणूनच ही गोष्ट कळली.

शंकेखोर

पानासाहेब, प्रश्न भावनिक केलात, उत्तर साधं असावं. हवाई कर्मचारी झाला की कमीत कमी सार्जंट. तीन फिती, जास्त पगार, सार्जंटांची वेगळी मेस, आणि नाचाच्या कार्यक्रमात बिल्ला बघून मुली बोलणार. वीस वर्षांच्या पोराला आणखी काय लागतं? आपल्याकडे पोरं पोलीसभरतीला पळतात ती काय सगळी देशसेवेपोटी?

तेराचा पाना

पगाराचं खरंच आहे, नाकारत नाही. पण सौदा बघा. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये (६ ग्रुप त्यातलाच) सुमारे सव्वा लाख लोकांनी उड्डाणं केली, ५५,५७३ मेले. त्यांत कॅनडाचे दहा हजारांच्या आसपास. तीस फेऱ्या झाल्या की सुट्टी, पण तीसपर्यंत पोचणारे कमी. मेकॅनिकला हे कुणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी ज्या विमानाचं इंजिन तपासून दिलं ते सकाळी जागेवर नाही, हे रोज बघणारा माणूस तोच.

जुना फिटर

धागा काल रात्री वाचला, झोप लागेना म्हणून आज लिहितो. मी हवाई दलात नव्हतो, पण चाळीस वर्षं इंजिनांत घालवली आहेत. शंकेखोरांचं म्हणणं अर्धं खरं. उरलेलं अर्धं मेकॅनिकलाच कळेल. आमच्या वर्कशॉपात जुने उस्ताद म्हणायचे, ज्याने इंजिन बांधलं त्याने पहिल्या राउंडला गाडीत बसायचं. बसला नाही तर समजा कुठला तरी नट त्याच्या मनात ढिला आहे. दुसऱ्याला रोज त्या विमानात बसवून आपण हात पुसत उभं राहायचं, हे काहीजणांना सोसत नसेल.

पानासाहेबांना एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. चार इंजिनं नुसती चालून भागत नाही, एका सुरात चालावी लागतात. पंखे थोडे जरी मागेपुढे फिरले तरी घुंऽऽव घुंऽऽव असा लाटांचा आवाज येतो, सात-आठ तास तो ऐकून डोकं उठतं. इंजिनिअर रेव्ह्ज एकेक केसभर हलवून चारी सूर जुळवायचा. तानपुरा लावतात तसं. कान तयार झाला की काटा बघायच्या आधी कळतं कुठलं इंजिन कुरकुरतंय.

दुसरं. कॅनडाच्या विमानांचं आणि आमच्या पुण्याचं एक नातं आहे. मी विश्रांतवाडीत वाढलो. साठच्या दशकात लोहगावला हवाई दलाची ६ नंबरची स्क्वाड्रन लिबरेटर उडवायची, ती चार इंजिनांची अमेरिकन युद्धकालीन विमानं. ब्रिटिश हवाई दलाने युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेले सांगाडे हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उडते केले होते. १९६८ पर्यंत चालले. त्यातलं एक लिबरेटर कॅनडाला दिलं, बदल्यात त्यांनी आपल्याला लायसँडर हे जुनं छोटं लष्करी विमान दिलं. ते लायसँडर दिल्लीत पालमला, लिबरेटर ओटावाच्या संग्रहालयात. पेटीत भरून नव्हे, उडवत नेलं. पाना, ओटावाला गेलात तर तेही बघून या.

तेराचा पाना

काका, दंडवत! ओटावाचं लिबरेटर मी पाहिलंय आणि भारताचं आहे हे पाटीवर वाचूनही पुढे गेलो होतो. लोहगावाशी सांधा जुळला नव्हता.

कावेरी

मी स्कॉटलंडमध्ये असते. सगळे लँकेस्टरबद्दल लिहितायत, म्हणून दुसऱ्या दोन फ्लाइट इंजिनिअर्सबद्दल लिहिते. गेल्या उन्हाळ्यात शेटलंडला गेलो होतो, तिथे लर्विकच्या दफनभूमीत डेव्हिड हॉर्नेल यांची कबर आहे. हे ओंटारियोतल्या मिमिकोचे. दुसऱ्या महायुद्धात आरसीएएफला, म्हणजे कॅनडाच्या हवाई दलाला, मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) त्यांचा.

त्यांचं विमान कॅन्सो, म्हणजे कॅटालिना जातीची उडती बोट. पंख विमानाच्या अंगाला चिकटलेला नसतो, वर एका जाड खांबावर तोललेला असतो. त्या खांबाच्या आत इंजिनिअर बसतो! दोन्ही बाजूंना एकेक छोटी खिडकी, समोर इंजिनांचे काटे, पाय खाली लोंबकळलेले. इंजिनांच्या घरघरीत बोलणं ऐकू येणार कसं, म्हणून पायलटच्या चाकावर बटणं असतात. पायलटने बटण दाबलं की वर इंजिनिअरच्या पाटीवर दिवा लागतो: फ्लोट (पंखाच्या टोकाचा तरंगता) उचल, फ्लोट सोड, इंधन-हवेचं मिश्रण दाट कर, पातळ कर. तो तसं करतो. बारा-बारा तासांची गस्त, म्हणून विमानात इंजिनिअर दोन. हॉर्नेल यांच्या विमानात सार्जंट स्कॉट आणि सार्जंट सेंट लॉरेंट.

२४ जून १९४४. १६२ स्क्वाड्रनचं हे विमान स्कॉटलंडच्या विकहून शेटलंडच्या उत्तरेला गस्तीवर. परतताना पाण्यावर जर्मन पाणबुडी दिसली, यू-१२२५. पाणबुडीने बुडी न मारता तोफा चालवल्या. उजवं इंजिन पेटलं, पंखाला भोकं पडली. हॉर्नेल यांनी तसंच खाली नेऊन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले, पाणबुडी बुडाली. थोड्या वेळाने जळतं इंजिन निखळून समुद्रात पडलं. ज्या इंजिनाच्या काट्यांकडे ते दोघे दिवसभर बघत होते तेच. विमान पेटलेलं, मोठ्या लाटा, तशात पाण्यावर उतरवलं.

आठ माणसं आणि वापरता येईल अशी रबरी नाव एकच, तीही आठांना पुरणार नाही एवढी. काहीजण आत, काहीजण पाण्यात कडेला धरून, पाळीपाळीने. एकदा नाव उलटली. शोधविमानाने एक बोट पॅराशूटने सोडली, ती वाऱ्याने पाचशे यार्डांवर जाऊन पडली. हॉर्नेल पोहून जायला निघाले होते, बाकीच्यांनी कसंबसं अडवलं. सुटका होईस्तोवर २१ तास गेले. तोवर दोघे थंडीने गेले होते, सेंट लॉरेंट आणि स्कॉट. दोन्ही इंजिनिअर. हॉर्नेल बचावबोटीवर चढवल्यानंतर गेले.

बाकीच्या क्रूला पदकं मिळाली. या दोघांच्या वाट्याला खलित्यात, म्हणजे सरकारी अहवालात, नुसता उल्लेख. गेलेल्याला व्हिक्टोरिया क्रॉस किंवा हा उल्लेख, तेव्हाच्या नियमात मधलं काही नव्हतंच.

मनीमाऊ

😔 खांबात बसणारा माणूस डोक्यातून जाईना.

खारेदाणे

सगळं हृद्य वगैरे ठीक आहे. पण मैलाला गॅलन हिशेब करून ते विमान कुठे चाललं होतं ते कोणी लिहिलं नाही. हॅम्बुर्ग, जुलै १९४३. तीस हजारांहून जास्त लोक जळून मेले, त्यात बायका-पोरं किती ते सांगायला नको. ६ ग्रुपची विमानं त्यात होती. आणि त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती, लंडन जहाजं द्यायला तयार नव्हतं. आपण मराठीत बसून साम्राज्याच्या वैमानिकांचे गोडवे का गायचे?

शंकेखोर

चला, आला चर्चिल. दोन दिवस झाले म्हटलं अजून कसा नाही आला.

तेराचा पाना

@शंकेखोर, थांबा हो. त्यांचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळला होता. हॅम्बुर्ग झालं, त्यात कॅनेडियन होते, इंजिनिअर होते. पोराला माहीत होतं का? लक्ष्य कुठलं ते ब्रीफिंगला सगळ्या क्रूला सांगायचे. खाली आग दिसायची. माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. गोडवे मात्र मी गात नाहीये, फळी दुमडून दाखवतोय.

बंगालचं म्हणाल तर कॅनडाने गहू देऊ केला होता, अडलं ते जहाजांपाशी. त्याचा राग लंडनवर काढा, मीही येतो. सेंट टॉमसहून निघालेल्या पोराच्या खात्यावर तो कसा टाकायचा ते मला जमत नाही.

बॉम्बर कमांडवाल्यांना स्वतःच्या देशातही हे भोगावं लागलं. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचं स्मारक व्हायला २०१२ उजाडलं. पदकावर लावायची पट्टी २०१३ मध्ये, तेव्हा घ्यायला फार थोडे उरले होते. त्या स्मारकाच्या छताला वापरलेलं अ‍ॅल्युमिनियम कॅनडाच्या ४२६ स्क्वाड्रनच्या एका हॅलिफॅक्स विमानाचं. मे १९४४ मध्ये बेल्जियममध्ये चिखलात रुतलेलं, १९९७ मध्ये काढलं. आत तिघेजण अजून होते.

खारेदाणे

ठीक. फळीपुरतं मान्य. पण शीर्षकातला 'पोरगा' खटकतो. पोरगा म्हटलं की सगळं माफ होतं.

तेराचा पाना

शीर्षक बदलता येत नाही आता. पण वय वीस असेल तर दुसरं काय म्हणू?

सांगलीकर टोरांटो

उशिरा आलो. कॅनडाच्या दोन स्क्वाड्रन भारतातही उभ्या राहिल्या होत्या ना, १९४४ मध्ये, गुजरातला? ४३५ आणि ४३६. आमच्या भिशीत एक पटेल आहेत, त्यांना सांगून टाकलं, भाव खातायत.

जुना फिटर

पटेलांचा भाव उतरवा. ते गुजरात पंजाबातलं, आता पाकिस्तानात. आपलं गुजरात राज्य तेव्हा नव्हतंच. तिथे उभ्या राहून त्या ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेल्या, डाकोटा विमानांतून सैन्याला रसद टाकायला. डाकोटाला दोन इंजिनं, फ्लाइट इंजिनिअर लागत नसे, तेव्हा धाग्यात बसत नाहीत. पण ४३६ च्या बोधचिन्हावर हत्तीचं डोकं आहे आणि आजही ती स्क्वाड्रन ते वापरते.

सांगलीकर टोरांटो

अरेरे. अवांतर: पानाने सेंट टॉमस लिहिलंय, तिथे १८८५ मध्ये सर्कशीतला जंबो हत्ती आगगाडीखाली मेला, त्याचा पुतळा आहे. हत्तीवरून हत्ती आठवला. मी गप्प बसतो.

शंकेखोर

पाना, एक गंभीर प्रश्न. इंजिनिअरचं क्रूमध्ये स्थान काय असायचं? बाकीचे एकमेकांना निवडायचे असं वाचलंय.

तेराचा पाना

हो, हे राहिलंच. बाकीचे पाच-सहाजण आधी प्रशिक्षणाच्या तळावर एका हँगरात सोडायचे आणि तुमची तुम्ही टोळी जमवा म्हणायचे. ते दोन इंजिनांच्या वेलिंग्टनवर एकत्र उडायचे, एकत्र प्यायचे, भांडायचे. वेलिंग्टनला इंजिनिअर लागत नाही. चार इंजिनांच्या विमानावर गेले की मग इंजिनिअर येऊन मिळायचा, सगळ्यांत शेवटी. यांच्या चेष्टा आधीच ठरलेल्या, टोपणनावं ठरलेली. नवी सून भरल्या घरात येते तसा. आणि सासूच्या जागी पायलट, ज्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं.

कावेरी

सुनेची उपमा चपखल. पहिल्या दिवशी चहा कसा होतो यावर सगळं ठरणार.

जुना फिटर

इथे चहा म्हणजे सूर. चारी इंजिनं एका सुरात लागली की घरात घेतलं.

तेराचा पाना

काका 🙏

मेव्हण्याचं सांगायचं राहिलं. परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता, मला वाटलं कंटाळला. मग विचारलं, "पायलटला गोळी लागली तर?" मी म्हटलं, इंजिनिअरला थोडं विमान धरायला शिकवलेलं असायचं. उतरवायला नाही, नुसतं सरळ धरायला. "उतरवता येत नाही तर धरून काय करायचं?" म्हटलं, हा धरून बसणार, तेवढ्या वेळात बाकीच्यांनी उड्या मारायच्या.

बर्लिंग्टनला पेट्रोल भरायला थांबलो. तो पंपावरचे लिटर बघत उभा होता, आणि गाडीत बसल्यावर पावतीच्या मागे काहीतरी भागाकार करत बसला.